‘रु’च्या फळीवरची आठवी रेकॉर्ड

हाचिनोहे, ३ फेब्रुवारी १९९२

मित्सु,

एकुलती एक म्हणे! कोण गं एकुलती एक? चौदा वर्षं ते दोन शब्द माझ्या घशात काट्यासारखे अडकलेत आणि वर तूच मला विचारतेस, “ताई, माझं गाणं तुमच्याकडे कधी वाजलं का गं, एकदा तरी?” तेसुद्धा कुठं, तर नववर्षाच्या छापील कार्डाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. वर यंदाच्या वर्षाचं म्हणून माकडाचं चित्र, खाली तुझ्या आतामीच्या हॉटेलाचा शिक्का, आणि मधे जागा उरली म्हणून बहिणीची आठवण. बाकी वर्षभर तोंडात मिठाची गुळणी.

महिनाभर ते कार्ड भाताच्या कुकरवर ठेवलं होतं. रोज वाफेनं ओलं व्हायचं, रोज वाळायचं. आज म्हटलं, लिहूनच टाकावं. नेहमीसारखं सोप्या अक्षरांतच लिहिते, हसू नकोस. अवघड अक्षरं तुझ्या वाट्याला आली, कारण तू शाळेत होतीस तेव्हा मी ऑक्टोपसच्या खोपटात होते.

आणि तेच तर म्हणायचंय मला. तुझ्या गाण्यात काय आहे? आई किनाऱ्यावरच्या खोपटात ऑक्टोपस उकळते, वाफेत तिचा चेहरा दिसत नाही, आणि तिची एकुलती एक पोर आगगाडीत बसून निघून जाते. वा! मग चुलीत लाकडं कोण सारत होतं गं? आई ऑक्टोपसला मीठ चोळायची, तेव्हा घंगाळात पाणी कोण ओतत होतं? स्टेशनवर तुझी पेटी कुणी उचलून आणली? त्या वाफेत मी होते, मित्सु. आईचा चेहरा दिसत नव्हता म्हणतेस ना, माझा तर अख्खा देहच दिसला नाही तुला.

गाणं लिहिणारा दुसरा होता, हे मला माहीत आहे. पण त्याला सांगितलं कुणी?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही वाजलं. तुझी रेकॉर्ड हरवली. आली त्याच महिन्यात हरवली. आमच्या केंद्रात अकरा हजार रेकॉर्डी, कुणी फोनवर मागितलं की तारेतून गावातल्या दुकानांच्या कर्ण्यांवर सोडायचं; त्यात ‘यु’ची फळी आणि तिचे फोन माझ्याकडे, आणि ‘यु’ म्हणजे तुला माहीतच आहे, युकी, युमे, युबे. बर्फ, स्वप्न, कालची संध्याकाळ. आपल्या देशात ज्याला म्हणून रडायचंय तो या तिघांपैकी एकाच्या गळ्यात पडतो. नुसत्या बर्फाच्याच दीडशे. त्या बर्फात तुझी ‘युगे नो हामा’, म्हणजे ‘वाफेचा किनारा’, कुठं गडप झाली असेल तर मी काय करू?

तुला कुणाकडून कळलं ठाऊक नाही, पण खरं आहे, आमचं केंद्र बंद होतंय. एकतीस मार्चला. पुढं सगळी गाणी सेंदाईहून एकाच तारेतून येणार, चोवीस तास, आपोआप. फोन करून कुणी काही मागायचं नाही. रेकॉर्डी भंगारात. आम्ही सात बायका होतो, आता तिघी उरलोय. तोकुएबाई, मी, आणि एक नवी आहे, तिला अजून ‘रे’ आणि ‘रो’ कुठं ते सापडत नाही.

मी सव्वीस वर्षं फोन उचलतेय. “हो, लावते.” दिवसाला दोनशे वेळा. मासळीबाजारातला एक बर्फवाला आहे, रोज पाच वाजता बर्फाचंच गाणं मागतो. दिवसभर बर्फ फोडतो आणि संध्याकाळी बर्फाचंच ऐकतो. त्याचा खोकला मला ठाऊक, त्याची बायको गेली तो आठवडा मला ठाऊक, कारण आठ दिवस त्यानं काही मागितलं नाही. परवा टोफूच्या दुकानात रांगेत माझ्या पुढं उभा होता. आवाजावरून ओळखला. मी म्हटलं, “थंडी आहे.” तो म्हणाला, “आहे.” आणि निघून गेला. माझा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नाही ना. अख्खं गाव मला ओळखतं आणि कुणीच ओळखत नाही. एकतीस मार्चनंतर तर मला कुणी काही मागणारच नाही.

आज दाणे फेकायचा दिवस. “भुतं बाहेर, भाग्य आत” म्हणून एकटीच ओरडले. शेजारच्या कुत्र्यानं उत्तर दिलं. वयाइतके दाणे खायचे म्हणजे आता पन्नास. तिसाव्यालाच दाढ ठणकली, उरलेले डब्यात टाकले.

इतकंच. विचारलंस, सांगितलं.

हिसाए

१४ फेब्रुवारी

मित्सु,

पत्राला उत्तर नाही, आणि आलं काय, तर सुकी मासळी! हाचिनोहेतल्या बाईला सुकी मासळी! अगं, समुद्राला मीठ पाठवतेस का? डाकवाला पेटी ठेवताना म्हणाला, “बाई, वास ओळखीचा वाटतोय.” मी म्हटलं, “बहीण पाठवते, तिला वाटतं आम्ही इथं गवत खातो.” पेटीत चिठ्ठी शोधली. कागदाची घडीन् घडी उलगडून पाहिली. नव्हती.

तरी काल भाजून खाल्ली. सेनबेइच्या चकत्या मोडून सूप केलं होतं, दोघींचं. अजून हातून दोघींचंच होतं, आईला जाऊन सहा वर्षं झाली तरी. चांगली होती मासळी. आणि खाताना लक्षात आलं की जिचं खातेय तिला मी मागच्या पत्रात खोटं लिहिलंय. मासळी पचली, ते पचेना. म्हणून लिहिते.

तुझी रेकॉर्ड हरवली नाही. मी लपवली.

तू आलीस तो दिवस आठवतोय तुला? ऑक्टोबरातला. छातीवर आडवा पट्टा, त्यावर तुझं नवं, गाण्यातलं नाव, ‘इसोनामि सुमिरे’. मागं तो कंपनीचा माणूस, हातात रेकॉर्डींचा गठ्ठा. नवीन गाणारी बाई आली की असंच गावोगाव फिरायची, प्रत्येक केंद्रात प्रत्येक बाईपुढं वाकायची, “माझं गाणं लावा, कृपा असू द्या.” आम्हाला सवय होती. आठवड्याला दोन यायच्या. पण त्या दिवशी तू होतीस.

सातही जणींना ठाऊक होतं तू कोण. तोकुएबाईंनी तर तुला मासळीबाजारात पाहिलं होतं, पंधरा वर्षांची असताना, आईच्या मागं मागं फिरताना. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. तू एकेकीपुढं वाकत आलीस, माझ्यापुढं आलीस, आणि म्हणालीस, “पहिल्यांदाच भेटतोय. इसोनामि सुमिरे. कृपा असू द्या.”

पहिल्यांदाच भेटतोय!

तो माणूस मागं उभा होता, त्यानं तुझी कहाणी विकायला काढली होती, विधवेची एकुलती एक पोर, उत्तरेचं गरीब बंदर, सगळं मला कळत होतं. मी काही अगदीच ढ नाही. पण तू डोळासुद्धा मिचकावला नाहीस. रेकॉर्ड दोन्ही हातांनी पुढं केलीस, मी दोन्ही हातांनी घेतली. तुझी बोटं बर्फासारखी गार होती. मी म्हटलं, “आमच्याकडून होईल तेवढं करू.” केंद्रातल्या आवाजात. तू गेलीस. घरी आईकडेसुद्धा दहाच मिनिटं गेलीस, तो माणूस टॅक्सीत बसला होता म्हणून.

संध्याकाळी मी ती रेकॉर्ड लावून ऐकली, कानांवर हेडफोन लावून, बाहेर तारेवर न सोडता. एकुलती एक ऐकलं. सुई उचलली. आणि रेकॉर्ड नेऊन ‘रु’च्या फळीवर ठेवली.

तुला कळतंय ना याचा अर्थ? ‘रु’ म्हणजे आमच्याकडची ओसाडी. आपल्या भाषेत ‘रु’नं काही सुरूच होत नाही, मग गाणं कुठून होणार? अकरा हजारांत सात रेकॉर्डी. त्यांतल्या चार परदेशी नावांच्या. वर्षातून दोनदा कुणी मागितलं तर मागितलं. रेकॉर्ड चुकीच्या फळीवर गेली की ती मेली, हे आम्ही नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवतो. तोडलीस तर निदान तुकडे सापडतात. चुकीच्या फळीवर ठेवलीस तर सापडतच नाही. मी तुझं गाणं तोडलं नाही. मी त्याला ‘रु’वर ठेवलं.

आणि फर्माइशी आल्या नाहीत असं समजू नकोस. पहिल्या दिवशी तेहतीस फोन आले. अख्खा मासळीबाजार. “ताकेबाईच्या पोरीचं गाणं लावा!” “आमच्या मित्सुचं लावा!” मी प्रत्येकाला म्हटलं, “क्षमा करा, अजून आलेलं नाही.” आठवडाभर येत होते. मग कमी झाले. मग थांबले. महिन्याच्या शेवटी टोकियोला यादी जायची, कुठलं गाणं किती वेळा मागितलं. तुझ्या नावापुढं शून्य. मीच लिहिलं. शून्य मला छान काढता येतं.

तू नंतर आईला फोनवर म्हणालीस म्हणे, कंपनीवाले हसले, “हिच्या गावालाच ही नको आहे.” आईनं मला सांगितलं नाही, शेजारणीला सांगताना मी भिंतीमागून ऐकलं. तेव्हा मला बरं वाटलं. आता वाटत नाही. पण तेव्हा वाटलं, हे लपवणार नाही.

गावाला तू हवी होतीस, मित्सु. हे तुला चौदा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. घे, आता कळलं.

मासळी पुन्हा पाठवू नकोस.

हिसाए

२५ फेब्रुवारी

मित्सु,

दहा दिवस झाले. रागावली असशील. रागाव. पण रागावून गप्प बसायचं, ही सवय आपल्या दोघींना एकाच भांड्यातून मिळालीय, त्यामुळं तुझं गप्प बसणं मला नवीन नाही.

आज मंगळवार. मंगळवारी दुपारचे तीन वाजले की अजून माझा हात फोनकडे जातो. म्हणून हे लिहिते. मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. मुद्दाम गाळली. आता केंद्रात जेवणाची सुट्टी आहे, तोकुएबाई खोक्यावर बसून डुलक्या काढतायत, तेवढ्यात लिहून टाकते, नाहीतर घरी गेल्यावर धीर होणार नाही.

सगळ्यांच्या फर्माइशी थांबल्या म्हटलं ना. एकीच्या थांबल्या नाहीत.

तुला माहीत आहे, खोपट बंद झाल्यावर आई बाजारातल्या खाणावळीत भांडी घासायला लागली. तिथं आमची तार होती, मोरीच्या वर भिंतीत कर्णा. दुपारी तीनला गर्दी ओसरली की तिथला फोन मोकळा असायचा. दर मंगळवारी तीनला माझा फोन वाजायचा.

“नमस्कार. बाजारातली खाणावळ बोलतेय. ‘युगे नो हामा’ मिळेल का हो?”

आवाज बदलून. टोकियोच्या बाईसारखा, नाकात, जपून जपून. आपली आई, जिला “येतेस का जातेस”च्या पलीकडं बोलणं ठाऊक नव्हतं, ती “मिळेल का हो” म्हणत होती. मी पहिल्या शब्दाला ओळखलं. कसं नाही ओळखणार? मागं भांड्यांचा आवाज, तिचा तो श्वास, वाफेनं छाती खराब झाल्यावरचा.

आणि मी म्हटलं, “क्षमा करा, त्या नावाची रेकॉर्ड आमच्याकडं नाही.”

“असं का. बरं. मग पुढच्या वेळी बघते.”

“हो. फोन केल्याबद्दल आभारी आहोत.”

मित्सु, सात वर्षं. दर मंगळवारी. तीच वाक्यं. तिनं कधी म्हटलं नाही, “हिसाए, मी आई बोलतेय.” मी कधी म्हटलं नाही, “आई, पुरे.” संध्याकाळी घरी एकाच मेजावर समोरासमोर जेवायचो. ती विचारायची, “आज फार फोन होते का गं?” मी म्हणायचे, “नेहमीचेच.” ती म्हणायची, “मुळा थोडा जास्त शिजलाय.” झालं.

एकदा वाटलं, लावावं. शपथेवर सांगते. चौथ्या-पाचव्या वर्षी. ‘रु’पर्यंत गेलेसुद्धा. पण तोपर्यंत इतक्या वेळा “नाही” म्हटलं होतं की आता “आहे” कुठल्या तोंडानं म्हणणार? खोटं एकदा बोललं तर मागं घेता येतं. दर आठवड्याला बोललं की तो नोकरीचा भाग होतो.

शेवटचा फोन रुग्णालयातून. मंगळवारच. बाहेरच्या खोलीतल्या फोनवरून, नर्सला धरून आली असणार. आवाज मात्र तोच, टोकियोचा. म्हणाली, “मी आता खाणावळीत नाही. इथं तुमची तार नाही. पण तिथं बाजारात वाजलं तरी चालेल. मला ऐकायला हवंच असं नाही.”

मी काय म्हटलं असेन?

अकरा दिवसांनी गेली. तू आली नाहीस, तुझं फुलांचं मोठं चक्र आलं, ‘इसोनामि सुमिरे’ नावाचं. मी ते मागच्या दाराशी ठेवलं. लोक म्हणाले, हिसाए कडू आहे. असेन. पण त्या दिवशी मला एकच दिसत होतं, की आईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली, सात वर्षं मागितली, आणि माझ्याकडे मागितली, आणि ती माझ्या हातापासून चार फळ्या दूर होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता तुला सांगितलं. तुला माझा राग येणार, तो आधीच होता, त्यात काय. पण तू एकटीच उरलीस जिला सांगता येईल. बाकी ज्यांना आई ठाऊक होती ते सगळे मेले किंवा माझ्याशी बोलत नाहीत.

तोकुएबाई जाग्या झाल्या. थांबते.

हिसाए

६ मार्च

मित्सु,

बस. हे शेवटचं. यानंतर मी लिहिणार नाही, तू लिहायचंस.

काल फळ्या रिकाम्या करायला घेतल्या. गुरुवार, खरं तर माझी सुट्टी, पण घरी बसून करायचं काय? ‘या’ संपली, ‘यु’ला अख्खा दिवस गेला, अठरा खोकी. बर्फाची खोकी उचलताना पाठ धरली. मग ‘यो’, ‘रा’, ‘रि’. आणि ‘रु’. तिथं मी चौदा वर्षं डोळे मिटून हात घालत आले. सात मला पाठ आहेत, कुणी मागितलं की बोटांनीच काढते, आठवीला स्पर्श होऊ देत नाही. काल डोळे उघडले.

रेकॉर्ड होती. तू कव्हरवर निळ्या किमोनोत, पाठमोरी, केस कुणा दुसरीसारखे. मी ती उलटून मागची बाजू पाहिली.

प्रत्येक कव्हरच्या मागं आम्ही शिसपेन्सिलीनं रेघा ओढतो, एकदा लावलं की एक रेघ, पाचांचा एक चौकोनी गठ्ठा. मी लपवली तेव्हा कव्हर कोरं होतं. आता मागची बाजू गच्च भरलेली. जागा संपली म्हणून आत कागद घातलेला, तोही दोन्ही बाजूंनी भरलेला. रेकॉर्ड काढली, तर खाचा पांढुरक्या झालेल्या, झिजलेल्या. इतकी झिजलेली रेकॉर्ड माझ्या बर्फाच्या फळीवरसुद्धा नाही.

मी ओरडले, “तोकुएबाई!”

त्या पलीकडं ‘हा’ची फळी बांधत होत्या. “काय झालं? उंदीर?”

“हे काय?”

चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितलं. “रेकॉर्ड आहे.”

“ती मला दिसतेय. ‘रु’वर कशी सापडली तुम्हाला?”

“सापडायचं काय त्यात? तिथं सात असतात. आठवी आली की घरात नवी सून आल्यासारखी दिसते.”

“कधी?”

“तू ठेवलीस त्याच आठवड्यात. गुरुवारी तुझ्या फळ्या कोण बघतं, मीच ना?”

“मग मला का नाही बोललात?”

“तू बोललीस मला?” दोरीला गाठ मारत त्या म्हणाल्या. “बहिणींच्या भांडणात तिसरीनं तोंड घालू नये, चटका तिलाच बसतो.”

मी विचारलं, “कुणी मागितलं? इतक्या वेळा कुणी मागितलं?” पण मला कळलं होतं, मित्सु. विचारायच्या आधी कळलं होतं.

“दर गुरुवारी,” तोकुएबाई म्हणाल्या. “दुपारी तीनला. आधी ‘मिळेल का हो’ करत होती, मी म्हटलं, ताकेबाई, नाक सोडा आणि नीट बोला. मग रोजच्यासारखी बोलायला लागली. ‘लाव गं तोकुए, माझ्या पोरीचं.’ मी दोनदा लावायचे, लागोपाठ. नियमात बसत नाही, पण माझ्याकडं कोण बघतंय. यादीत मात्र नाही लिहिलं. लिहिलं असतं तर साहेबांनी तुला विचारलं असतं.”

म्हणजे आईनं ऐकलं. दर गुरुवारी, मोरीपाशी, हात गरम पाण्यात, डोक्यावर कर्णा. खाणावळीतल्यांनी ऐकलं, बाजारानं ऐकलं. हाचिनोहेत तुझं गाणं सात वर्षं वाजलं, मित्सु. एक मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मला सांगितलं नाही.

मला वाटलं, मोकळी झाले. खरंच वाटलं. मग मंगळवार आठवला.

“तोकुएबाई,” मी म्हटलं, “गुरुवारी ऐकायची, तर मंगळवारी मला कशाला फोन करत होती?”

त्यांनी दोरी खाली ठेवली. “तेच मी तिला विचारलं. म्हटलं, इथं मिळतंय ना, मग तिथं त्या दगडावर डोकं कशाला आपटता? तर म्हणाली, ‘गुरुवारी मी गाण्यासाठी फोन करते. मंगळवारी हिसाएसाठी.’”

नवी पोरगी चहा घेऊन आली, तिनं माझ्याकडं बघितलं आणि चहा परत घेऊन गेली.

मंगळवारी माझ्यासाठी, मित्सु. सात वर्षं ती गाणं मागत नव्हती. दार वाजवत होती. “मला ऐकायला हवंच असं नाही” म्हणाली तेव्हा खरं बोलत होती, तिनं पुष्कळदा ऐकलं होतं. मी तिला “हो, लावते” म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. दिवसाला दोनशे जणांना म्हणत होते ते.

काल घरी जाऊन ते गाणं पुरं ऐकलं. तोकुएबाईंनी त्यांच्या नवऱ्याचा जुना प्लेअर दिला. झिजल्यामुळं खरखर फार, जणू तूही वाफेतूनच गातेयस. चौदा वर्षांपूर्वी मी एकुलती एक ऐकून सुई उचलली होती. पुढं दुसरं कडवं आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यात आगगाडी सुटते आणि ती पोर मागं बघते, तर फलाटावर दोन हात हलताना दिसतात, एक मिठानं पांढरा, एक काजळीनं काळा. मिठाचा आईचा. काजळीचा हात कुणाचा गं? आईच्या हाताला कधी काजळी नव्हती. चुलीपाशी ती नव्हती.

हे त्या गाणं लिहिणाऱ्याला सुचणं शक्य नाही. हे तू त्याला सांगितलंस. कंपनीच्या नजरेआड घुसवलंस. सांगितलं असतंस तर! चिठ्ठी टाकली असतीस, “ताई, दुसरं कडवं ऐक.” पण तू सुक्या मासळीच्या पेटीतसुद्धा चिठ्ठी टाकत नाहीस. आणि मी पहिल्या कडव्यापुढं ऐकत नाही. आईला दोन्ही कडवी पाठ होती. म्हणूनच ती दर मंगळवारी मला सांगत होती, लाव, लाव.

आता ऐक. एकतीस मार्चला दुपारी चारला तार बंद होणार. त्याआधी आम्हा तिघींना प्रत्येकी एक गाणं लावायची परवानगी आहे, आपल्या फळीवरचं. तोकुएबाई ‘हा’तलं लावणार. नवी पोरगी काय लावते देव जाणे. माझं शेवटचं, तीनला. मी तुझं लावणार आहे. पण न विचारता नाही. चौदा वर्षं मी न विचारता बंद ठेवलं, आता न विचारता लावलं तर तोही तोच उद्धटपणा.

आणि दुसरी अडचण. तारेवर सोडायला मी केंद्रात लागणार. मग खाणावळीत ऐकणार कोण? मोरी तिथंच आहे, कर्णा तिथंच आहे, मी आज सकाळी जाऊन बघून आले. मालकाचा मुलगा आता मालक आहे, म्हणाला, “बसू दे की, स्टूल देतो.” एकीनं लावायचं आणि एकीनं ऐकायचं, मित्सु, एकटीला दोन्ही जमत नाही. मी बरीच वर्षं एकटीनं सगळं करून बघितलंय.

गाण्यांची यादी एकवीसला सकाळी साहेबांकडे द्यायचीय, म्हणजे वीस मार्चपर्यंत मला कळायला हवं. वीसला आईच्या समाधीवर जायचा दिवस आहे, त्यामुळं विसरलीस असं सांगू नकोस. आलीस तर दोन फुलं मी घेते, उदबत्ती तू आण, इथली विझते. येणं जमत नसेल तर फोन कर. केंद्राचा नंबर तोच आहे, सव्वीस वर्षांत बदललेला नाही. वीस तारखेपर्यंत रोज उचलणारी मीच आहे, गुरुवारीसुद्धा, सुट्टी रद्द केलीय.

पण आवाज बदलून बोललीस तर फोन ठेवीन. ‘पहिल्यांदाच भेटतोय’ म्हणालीस तरी ठेवीन. स्वतःच्या नावानं माग. “ताई, मित्सु बोलतेय, माझं गाणं लाव,” एवढंच म्हण. हो की नाही, ते वीस मार्चच्या आत मला कळव.

हिसाए